विश्लेषण : जुन्या गाडीचा एसी कॉम्प्रेसर… दुरुस्ती की भंगार?

सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जाणे ही बातमी राहिलेली नाही. २०२६ मध्ये मात्र या उन्हाळ्याला एक वेगळी जोड आहे. अधिक ज्येष्ठ महिना १७ मेपासून १५ जूनपर्यंत आहे. अधिक मासात पंढरपूरला येणाऱ्यांची संख्या वाढते. लेक-जावयासह येणारी कुटुंबे, वृद्ध आईवडील, सोबत लहान मुले, असा हा प्रवास असतो आणि तो यंदा ऐन उन्हात होणार आहे. त्यानंतर चाळीस दिवसांनी, २५ जुलैला आषाढी एकादशी. भाविकांना आणणाऱ्या-नेणाऱ्या गाड्यांत टव्हेरा, क्वालिस, सुमो, ओम्नी अशा जुन्या, उत्पादन थांबलेल्या गाड्या अजून दिसतात. त्यांचे इंजिन चालते, पण एसी चालेलच असे नाही. कॉम्प्रेसर गेला की गाडीमालकापुढे तीन वाटा उरतात : नवा शोधणे, जुना उघडून पुन्हा बांधणे किंवा एसीचा नाद सोडणे. यातली मधली वाट कितपत खरी, हे समजून घेण्याची हीच वेळ आहे.

प्रश्न फक्त हौसेचा का नाही?

गाडीतला एसी एकेकाळी चैन होती. भाड्याच्या व्यवसायात आता गिऱ्हाईक फोनवर पहिला प्रश्न एसीचाच विचारते. सरकारनेही थंड केबिनची गरज मान्य केली आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालट्रकच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक आहे. एकच गाडी असलेल्या चालक-मालकाला एसी बंद म्हणजे मे-जूनमधली लांबची भाडी हातची जाणे. शिवाय टव्हेरा, क्वालिससारख्या गाड्यांच्या अनेक मॉडेलांत मागच्या प्रवाशांसाठी वेगळी कूलिंग कॉइल असते. एकाच कॉम्प्रेसरवर दोन कॉइलींचा भार, मागपर्यंत गेलेले लांब पाइप आणि तेवढे जास्त जोड. गळती शोधायची तर जागाही तेवढ्याच जास्त.

कॉम्प्रेसर नेमके काय करतो?

एसी थंडी तयार करत नाही, तो गाडीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये कमी दाबाचा द्रव उकळतो आणि आतल्या हवेतली उष्णता शोषून घेतो. तयार झालेला वायू कॉम्प्रेसर ओढतो, दाबतो आणि रेडिएटरपुढच्या कंडेन्सरकडे ढकलतो. तिथे त्याची उष्णता बाहेरच्या हवेत जाते आणि त्याचा पुन्हा द्रव होतो. ड्रायरमधून गाळून तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हकडे येतो आणि फेरा पुन्हा सुरू.

कंडेन्सरला उष्णता बाहेर टाकायची असेल तर तो बाहेरच्या हवेपेक्षा बराच गरम असावा लागतो. बाहेर ४३ अंश असतील तर आतला गॅस ६० अंशांच्या आसपास द्रवरूप होतो. आर-१३४ए या प्रचलित गॅसचा दाब त्या तापमानाला सुमारे २३० पीएसआय असतो. कंडेन्सरच्या पत्र्यांत धूळ आणि उसाची चिपाडे अडकली असतील किंवा पंखा मंद असेल, तर दाब आणखी चढतो. पुण्यात ठीक चाललेला जुना कॉम्प्रेसर पंढरपुरात मे महिन्यात का मान टाकतो, याचे उत्तर या आकड्यात आहे. म्हणूनच कॉम्प्रेसर बदलून कंडेन्सर तसाच ठेवणाऱ्याचे काम अर्धे राहते.

कॉम्प्रेसरच्या आत वंगणासाठी वेगळी टाकी किंवा पंप बहुधा नसतो. थोडेसे तेल, साधारण १०० ते २०० मिलिलीटर, गॅसबरोबरच सगळीकडे फिरते. गॅस गळाला की तेलही जाते आणि कोरडा कॉम्प्रेसर स्वतःलाच खातो. हिवाळाभर एसी लावलाच नाही तर शाफ्टच्या सीलला तेल मिळत नाही, ते सुकते आणि मार्चमध्ये ‘गॅस कसा काय संपला?’ हा प्रश्न येतो. आठवड्यातून दहा मिनिटे एसी चालवणे हा त्यावरचा फुकटचा उपाय आहे.

सुटे भाग मिळेनासे का झाले?

कारण गाड्या बनवणारेच उठून गेले. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली आणि टव्हेराही संपली. तळेगावचा त्यांचा कारखाना पुढे ह्युंदाईकडे गेला. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. क्वालिस २००५ मध्येच बंद झाली होती. मारुती ८०० आणि अॅम्बेसेडर २०१४ मध्ये थांबल्या, ओम्नी आणि सुमो २०१९ मध्ये. देवू तर त्याही आधी गेलेली. बाहेर पडताना फोर्ड आणि जनरल मोटर्सनी जुन्या ग्राहकांना सेवा आणि सुटे भाग देत राहण्याचे आश्वासन दिले होते. पण आश्वासन आणि पंढरपूरच्या दुकानातली फळी यांत बरेच अंतर असते. ब्रेक, क्लच, फिल्टर यांना रोजचे गिऱ्हाईक असते, म्हणून इतर कंपन्याही ते बनवत राहतात. एसी कॉम्प्रेसर पंधरा वर्षांत एकदा जाणारा भाग, तो दुकानात भरून ठेवण्यात कोणाला रस असणार?

एक गोष्ट मात्र गाडीमालकाच्या बाजूची आहे. वाहन कंपन्या कॉम्प्रेसर बहुधा स्वतः बनवत नाहीत. भारतात १९८५ मध्ये स्थापन झालेली, जपानच्या डेन्सोचे तंत्र वापरणारी सुब्रोस आणि जपानच्याच सँडेनची भागीदारी असलेली सँडेन विकास या मोठ्या पुरवठादार. एकाच घराण्याचा कॉम्प्रेसर थोड्याफार फरकाने अनेक गाड्यांत बसलेला असतो. त्यामुळे गाडीच्या नावाने ‘मिळत नाही’ असे उत्तर आले तरी कॉम्प्रेसरच्या अंगावरच्या पट्टीवरील क्रमांकाने शोध घेतला की सील किट किंवा क्लच निघतो. जाणकार एसीवाला आधी ती पट्टी कापडाने पुसून वाचतो. गाडीचे मॉडेल तो नंतर विचारतो.

पुनर्बांधणीत काय बदलता येते, काय नाही?

इथे पंढरपूरसारख्या गावाची एक ताकद कामाला येते. उजनीच्या पाण्यावरचा हा ऊसपट्टा आहे. शेतीपंप जळतात, म्हणून मोटार रिवाइंडिंगची दुकाने आहेत. ट्रॅक्टर आहेत, म्हणून लेथ आणि वेल्डिंग आहे. कॉम्प्रेसरच्या निम्म्या दुखण्यांना एवढे पुरते.

सर्वांत सामान्य दुखणे पुलीजवळचे. कॉम्प्रेसरची पुली इंजिनाबरोबर सतत फिरते आणि एसी लावला की विद्युतचुंबकीय क्लच शाफ्टला तिच्याशी जोडतो. क्लचची कॉइल जळली तर ती पुन्हा गुंडाळता येते. वेढे मोजायचे, तारेची जाडी मापायची, वार्निश नीट मुरवायचे. १२ व्होल्टच्या कॉइलचा रोध साधारण ३ ते ४ ओहम असतो आणि ती तीन-चार अँपिअर ओढते. रोध याहून बराच कमी भरला तर फ्यूज उडणार, जास्त भरला तर पकड सैल पडणार. पुलीची बेअरिंग ठरावीक मापाची असते, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी मोजून नेली की बेअरिंगच्या दुकानात जोड मिळतो. क्लचची चकती आणि पुली यांतली फट बहुतेक कॉम्प्रेसरांत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. झिजून ती वाढली की गाडी गरम झाल्यावर क्लच ओढत नाही, आणि मालक समजतो कॉम्प्रेसर गेला. कित्येकदा आतला एक पातळ वॉशर काढून हे काम संपते. गाडीवर बसलेला कॉम्प्रेसर उतरवावाही लागत नाही.

दुसरे दुखणे गळतीचे. ओ-रिंग मापाने मिळतात, पण रबर कोणते हे महत्त्वाचे. साध्या नायट्राइल रबरातून आर-१३४ए हळूहळू निसटतो, त्यासाठी हायड्रोजनेटेड नायट्राइलच्या, बहुधा हिरव्या रंगात येणाऱ्या रिंगा लागतात. नुसत्या रंगावर विसंबू नये, दुकानदाराला गॅसचे नाव सांगून घ्याव्यात. शाफ्ट सीलला मात्र जुगाड नाही. गिअरबॉक्सचे त्याच मापाचे ऑइल सील तिथे बसते, दोन दिवस टिकते आणि गॅससह तेल ओकून टाकते. ते सील तेल अडवण्यासाठी बनलेले असते, दाबाखालचा गॅस अडवण्यासाठी नव्हे. दुर्मीळ म्हणायचा तर हाच एक भाग, आणि सगळा वेळ त्याच्या शोधात जातो. शाफ्टवर सीलच्या जागी खाच पडली असेल तर नवे सीलही गळणार. त्यासाठी खाच घासून काढण्यापेक्षा पातळ स्लीव्ह बसवणे बरे.

तिसरे दुखणे आतले. हेड उघडल्यावर व्हॉल्व्ह प्लेट दिसते आणि तिच्यावर पातळ पोलादी पात्या असतात. पाती तुटली असेल तर कॉम्प्रेसर फिरतो, पण दाब बनत नाही. गेजवर दोन्ही बाजूंचे दाब जवळजवळ सारखे दिसतात. प्लेट सपाट काचेवर बारीक पेस्टने घासून पुन्हा वापरता येते, पात्या दुसऱ्या मोडीतल्या कॉम्प्रेसरमधून घेता येतात. पण सिलिंडरच्या ॲल्युमिनियमवर ओरखडे असतील किंवा पिस्टन हलवणारी तिरकी चकती खरवडली असेल, तर थांबावे. तिथे लेथ उपयोगी नाही, कारण मोठ्या मापाचे पिस्टन मिळत नाहीत.

आतले तेल बरेच काही सांगते. ते स्वच्छ असेल तर नुसत्या सील किटवर भागेल. काळे, चंदेरी चुरा असलेले निघाले तर तो चुरा कंडेन्सर, ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह सगळीकडे पोहोचला आहे. अशा वेळी बांधलेला कॉम्प्रेसर तसाच चढवला तर उरलेला चुरा त्याला महिन्याभरात पुन्हा मारतो. पाइप आणि कूलिंग कॉइल फ्लश होते, पण बारीक नळ्यांचा कंडेन्सर आतून पूर्ण धुतला जात नाही, तो बदलावाच लागतो. ड्रायर तर प्रत्येक वेळी नवा. ‘कॉम्प्रेसर रिपेअर करून टिकत नाही’ या समजामागे न बदललेला ड्रायर किती वेळा असतो, हे कोणी मोजत नाही.

बांधणी झाल्यावर चाचणी : कोरड्या नायट्रोजनचा दाब भरून कॉम्प्रेसर पाण्यात बुडवायचा आणि बुडबुडे पाहायचे. नायट्रोजन हाताशी नाही म्हणून वेल्डिंगचा ऑक्सिजन लावणे जिवावर बेतू शकते, कारण दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला भेटला की स्फोट होऊ शकतो. गाडीवर चढवल्यानंतर किमान अर्धा तास व्हॅक्यूम. त्याचा हेतू हवा काढण्याइतकाच आतला ओलावा उकळवून काढण्याचाही असतो. पंढरपूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे गेजचा काटा पुस्तकातल्या २९-३० इंचांवर जात नाही, २८ च्या आसपास थांबतो. तो पंप खराब असल्याचा पुरावा नव्हे. पंप बंद केल्यावर काटा जागचा हलतो का, हे महत्त्वाचे.

गॅसचा घोळ काय आहे?

नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच गाड्या आर-१२ वर चालत. हा गॅस ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराने त्याच्यावर गदा आणली. भारत १९९२ मध्ये करारात सामील झाला, २००० मध्ये नियम झाले आणि १ ऑगस्ट २००८ पासून देशातले सीएफसीचे उत्पादन थांबले. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला निरुपद्रवी, पण जागतिक तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने आता त्यालाही घेरले आहे. भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली. २०२८ पासून वापर गोठवायचा, २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घटवत २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी खाली आणायचा. म्हणजे आर-१३४ए उद्या नाहीसा होणार नाही, पण पुढच्या दशकात तो स्वस्त राहण्याची शक्यता कमी. जुन्या गाडीची गळती बुजवण्याऐवजी दर उन्हाळ्याला गॅस भरणे हा तेव्हा महागाचा सौदा ठरेल.

आर-१२ ची गाडी आर-१३४ए वर आणता येते. अट एवढीच की जुने खनिज तेल काढावे लागते, कारण नवा गॅस त्यात विरघळत नाही. ते कंडेन्सरमध्ये अडून बसते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. एस्टर किंवा पॅग तेल, नव्या रिंगा, नवा ड्रायर आणि आधीच्या वजनाच्या ८० ते ९० टक्के गॅस, असा हा बदल. पॅग तेल हवेतला ओलावा झटकन पिते. फळीवर झाकण उघडे राहिलेला डबा कितीही भरलेला असो, टाकून द्यावा.

खरी भीती नकली गॅसची आहे. ‘१३४ए’ लिहिलेल्या डब्यात दुसरेच मिश्रण भरल्याची प्रकरणे जगभर उघडकीस आली. २०११ मध्ये शीत-कंटेनरांच्या कॉम्प्रेसरांचे स्फोट होऊन व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये तंत्रज्ञ दगावले. कारण निघाले भेसळीतले मिथिल क्लोराइड. ते ॲल्युमिनियमशी संयोग पावून असे रसायन बनवते जे हवेला लागताच पेट घेते. जुना कॉम्प्रेसर उघडणाऱ्याला आत पूर्वी कोणी काय भरले हे ठाऊक नसते. म्हणून बिलाशिवाय, फारच स्वस्त मिळणारा डबा टाळणे हे मेकॅनिकच्याच हिताचे. काही ठिकाणी स्वयंपाकाच्या गॅससारखे ज्वालाग्राही मिश्रणही भरले जाते. ते थंडावा चांगला देते, हे खरे. कूलिंग कॉइल गळाली तर तो गॅस प्रवाशांच्या मांडीवर येतो, हेही तितकेच खरे.

दुसऱ्या गाडीचा कॉम्प्रेसर बसवला तर?

बसतो, आणि अनेकदा हाच व्यवहार्य मार्ग असतो. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट या जुन्या भागांच्या बाजारांतून कॉम्प्रेसर येतात. पण घेताना शाफ्ट हाताने फिरवून पाहावा आणि दोन्ही तोंडे बंद केलेली आहेत का ते बघावे. महिनोन्‌महिने उघड्या तोंडाने पडलेल्या कॉम्प्रेसरमध्ये ओलावा आणि गंज असणारच. मूळ बिल मागणेही गरजेचे. मीरतच्या सोतीगंज बाजारात चोरीच्या गाड्या सुट्या होत, आणि २०२१ मध्ये पोलिसांनी तो बंद पाडला, हे विसरता येत नाही.

बसवताना ब्रॅकेट लेथवर होते. पुलीची रांग मात्र इंजिनाच्या पुलीशी तंतोतंत हवी, नाहीतर पट्टा उडतो. पाइपांचे तोंड बदलावे लागते. इथे ट्रॅक्टर-जेसीबीचे हायड्रॉलिक होज बनवणारे दुकान जवळ असते म्हणून मोह होतो. तो होज दाब सहज सोसतो, पण गॅस अडवणारा आतला थर त्यात नसतो. एसीचाच होज आणून त्या दुकानात क्रिंप करून घेणे हा योग्य मेळ. अलीकडच्या गाड्यांतले, क्लच नसलेले आणि संगणकाच्या इशाऱ्यावर क्षमता बदलणारे कॉम्प्रेसर जुन्या गाडीत बसवण्याच्या फंदात पडू नये.

कायदा कोणाच्या बाजूने आहे?

अर्धवट दोघांच्याही. स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुटे भाग खुल्या बाजारात न दिल्याबद्दल सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्या अपिलात गेल्या. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ यासाठी समिती नेमली, तिच्या चार क्षेत्रांत वाहने होती, आणि डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टलही सुरू झाले. पण पोर्टलवर माहिती असणे आणि भाग बनत राहणे या वेगळ्या गोष्टी. देश सोडून गेलेल्या कंपनीला कोण काय सांगणार?

दुसऱ्या बाजूला धोरणाचा ओढा जुनी गाडी रस्त्यावरून काढण्याकडे आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये मोडीत काढण्याचे धोरण आले. १५ वर्षे झालेल्या खासगी मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले, आणि २० वर्षांपुढच्या मोटारीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींना २० वर्षांची मर्यादा असल्याने पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. जितक्या गाड्या मोडीत निघतील तितके जुने कॉम्प्रेसर बाजारात यायला हवेत. अमेरिकेत जुना भाग परत देणाऱ्याला त्याची ठेव परत मिळते आणि कारखाने तोच भाग नव्याने बांधून विकतात. आपल्याकडे बंद पडलेला कॉम्प्रेसर ॲल्युमिनियमच्या भावाने भंगारात जातो. ज्या गाडीमालकाला त्याच्यातली एक पाती हवी असते, त्याला तो कधी भेटत नाही.

माणसांचा प्रश्न वेगळाच. २०१९ च्या भारत शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. तालुक्याच्या गावात हा धंदा अजूनही उस्तादाच्या हाताखालीच शिकला जातो. गॅस गेजवर अंदाजाने भरायचा की काट्यावर तोलून, एवढ्या एका सवयीवरून कारागिराची परीक्षा होते. उन्हात दाब वाढलेला दिसतो म्हणून गॅस कमी भरला, तर रात्री एसी बरा चालतो आणि दुपारी बारा वाजता प्रवासी ओरडतात.

दुरुस्ती कधी परवडते?

बिघाड क्लच, बेअरिंग, सील किंवा पात्यांचा असेल आणि तेल स्वच्छ असेल, तर बांधणीच योग्य. सिलिंडर खरवडला असेल तर चांगला वापरलेला कॉम्प्रेसर, नवा ड्रायर आणि नवा कंडेन्सर असा हिशेब मांडावा. फेरनोंदणी वर्षभरावर आली असेल तर तो खर्च आणि फेरनोंदणीचे शुल्क एकत्र धरून पाहावे. गाडी विकायचीच असेल तर नुसता क्लच जुळवून देणेही पुरे. काम देताना तीन गोष्टी आधी बोलून घ्याव्यात : ड्रायर नवा असेल का, व्हॅक्यूम किती वेळ देणार, गॅस तोलून भरणार का. निघालेले जुने भाग परत मागावेत.

सील किट पुण्याहून किंवा दिल्लीहून मागवावी लागते आणि माप चुकले तर दुसरी फेरी होते. रिवाइंडिंगवाल्याकडे एप्रिल-मे म्हणजे शेतीपंपांची रांग. त्यामुळे १७ मेपूर्वी गाडी रस्त्यावर हवी असेल, तर कॉम्प्रेसर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच उतरवावा लागेल. तोवर कंडेन्सरचे पत्रे कमी दाबाच्या पाण्याने मागून पुढे धुऊन घ्यायला कोणत्याही सुट्या भागाची वाट पाहावी लागत नाही.